लेप असा द्या, की पुढच्याला उतरवता येईल

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात इमारत रिकामी करायची नोटीस लागली, की घरोघरी एका वस्तूवरून वाद होतो: जुने लाकडी कपाट. ना. म. जोशी मार्ग, नायगाव किंवा वरळीच्या बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणारे कुटुंब असो, की ठाकूरद्वारच्या एखाद्या वाडीतून संक्रमण शिबिरात जाणारे. दोन दारांचे कपाट, फडताळ, पेटारा, आरामखुर्ची यांचे काय करायचे हे ठरवावेच लागते. दर काही वर्षांनी गणपती-दिवाळीच्या आधी ऑइलपेंटचा एकेक हात चढून त्यांच्यावर पिस्ता, क्रीम, चॉकलेटी अशा रंगांची पुटे साचलेली असतात. हल्ली बरेच जण ती खरवडून काढतात. आतला सागवान दिसला की जीव हरखतो आणि उरलेले काम ‘आता एक पॉलिश मारून घेऊ’ एवढ्यावर संपवले जाते. पण कपाटाची पुढची पन्नास वर्षे ठरतात ती याच टप्प्यावर. रंग उतरवल्यानंतर लाकडावर जो लेप द्यायचा, तो खराब झाला तर तेवढ्याच जागी दुरुस्त करता यावा आणि नको झाला तर लाकूड न दुखावता पुरता उतरवता यावा, ही एकच कसोटी लावावी असे या लेखाचे म्हणणे आहे. घरातल्या बहुतेक जुन्या सामानाच्या बाबतीत तिला उतरते ते जुनेच चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश. अपवाद आहेत, तेही पुढे येतील.

या म्हणण्याचा पहिला पुरावा कपाटच देते. रंग खरवडताना काही फळ्यांवरून पुटे सोलल्यासारखी सुटतात आणि खाली लाकूड स्वच्छ निघते; काही फळ्यांत मात्र रंग लाकडाच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो आणि कितीही घासले तरी हिरवे-पांढरे ठिपके राहतात. हा फरक बहुतेक वेळा रंगाच्या प्रतीचा नसतो, रंगाखाली काय होते याचा असतो. पहिल्या सुताराने किंवा पॉलिशवाल्याने कपाटाला चपडा दिलेला असेल, तर छिद्रे आधीच भरलेली होती आणि ऑइलपेंट वरच्यावर राहिला. कोऱ्या लाकडावर थेट रंग मारला असेल तर तो आत उतरला. खात्री करून घ्यायची असेल तर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा रंग निघालेल्या जागी मिनिटभर दाबून ठेवा. बोळा तपकिरी आणि चिकट झाला, तर तो चपडा. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या त्या पातळ थराने नंतरच्या साऱ्या रंगांपासून लाकूड राखले आणि आज आपले काम सोपे केले. आपण आज जो थर देऊ, त्याने पुढच्या माणसासाठी एवढे तरी करावे.

अर्थात प्रत्येक कपाटाचा रंग काढावाच असे नाही. मागच्या बाजूला किंवा पायाच्या तळाशी तळहाताएवढी जागा आधी खरवडून पाहावी. सोनेरी-तपकिरी रंग, हाताला किंचित तेलकटपणा आणि घासल्यावर येणारा जुन्या चामड्यासारखा वास असेल तर तो सागवान. जड, जांभळट-काळसर झाक असलेले लाकूड शिसवी असू शकते. इराणी हॉटेलांत दिसणाऱ्या वाकवलेल्या दांड्यांच्या खुर्च्या बहुधा बीच या परदेशी लाकडाच्या असतात. त्यांना सागवानाचे तेलही नाही आणि किडीला तोंड देण्याची ताकदही नाही, म्हणून त्यांच्या सांध्यांत बारीक भुसा दिसतो का ते आधी बघावे. रंगाखाली खोक्याचे हलके लाकूड किंवा तीन जातींच्या फळ्यांचा मेळ निघाला, तर रंग ठेवलेलाच बरा. तो तिथे मुळातच झाकण्यासाठी मारलेला आहे. प्लायवर चिकटवलेला सागवानाचा पापुद्रा असेल तर तो अर्धा मिलिमीटरही नसतो, यंत्र लावले की एका फेरीत प्लाय उघडा पडतो. आणि कोकणातून मुंबईला आलेल्या घरांत सावंतवाडीचे रंगकामाचे पाट, चौरंग असतील तर त्यांना हातही लावू नये. तिथे रंग हीच कारागिरी आहे.

रंग काढायचे ठरले तर आधी शिशाचा विचार करावा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या अशा भडक रंगांत, शिसे आहे असे धरूनच चालावे. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधते आणि चाळीची गॅलरी ही मुलांच्या खेळण्याची, पापड वाळवण्याची, पाण्याचे पिंप ठेवण्याची जागा असते. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये; ग्राइंडरला चकती लावून तर मुळीच नाही. रंग मऊ करून पत्र्याच्या पट्टीने काढावा, खाली जाड प्लॅस्टिक अंथरावे, शेवटचे घासणे पाणकागदाने ओले ठेवून करावे, झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावे आणि निघालेली पुटे पिशवीत बांधून टाकावीत. मुले आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नसावीत. बाजारात मिळणाऱ्या अनेक जलद पेंट रिमूव्हरांत मिथिलीन क्लोराइड असते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, बंद खोलीत खाली साचते आणि शरीरात गेल्यावर तिचा कार्बन मोनॉक्साइड होतो. अमेरिकेत २०१९ पासून घरगुती वापरासाठी असा रिमूव्हर विकायला बंदी आहे. धुळीचा मास्क ही वाफ अडवत नाही. तेव्हा डबा वाचून घ्यावा आणि काम गच्चीवर किंवा अंगणात करावे. ब्लोलॅम्प लाकडी जिन्याच्या इमारतीत आणूच नये.

रंग निघालेले लाकूड लगेच पॉलिशला तयार नसते. कॉस्टिक सोडा वापरला असेल तर त्याचा अंश छिद्रांत राहतो, सागवान काळपटतो आणि वर दिलेला चपडा टिकत नाही, कारण चपडा अल्कलीत विरघळतो. अशा वेळी एक भाग व्हिनेगर आणि दहा भाग पाणी या मिश्रणाने पुसून, नंतर दोनदा साध्या ओल्या फडक्याने पुसावे. पाणी ओतायचे मात्र नाही. जुन्या सामानाचे सांधे, म्हणजे एका लाकडाचे कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसवलेले, सरसाने जोडलेले असतात आणि सरस पाण्याने व उष्णतेने सुटतो. रिमूव्हर वापरला असेल तर त्यातले मेण पृष्ठभागावर राहते, ते थिनरने दोन वेळा पुसून काढावे. त्यानंतर कपाट सावलीत, वारा लागेल असे किमान आठवडाभर ठेवावे. उन्हात ठेवले की फळ्या तडकतात. सैल सांधे याच काळात दुरुस्त करावेत: जुना सरस खरवडून, सागवानाचे तेल स्पिरिटने पुसून, मग नवा सरस किंवा फेविकॉल लावून, दोरीने आवळून एक दिवस ठेवावे. खिळे ठोकून सांधा घट्ट करणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करणे.

घासण्याच्या कामात सगळ्यात मोठी चूक उत्साहाची असते. काचपेपर १२० नंबरपासून सुरू करावा, मग १८०, शेवटी २२०. ८० नंबर फक्त खोल ओरखड्यांपुरता. हात नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा, आडव्या रेघा पॉलिशखाली दुप्पट उठून दिसतात. मध्ये एकदा ओले फडके फिरवून लाकडाचे रोम उभे राहू द्यावेत, वाळल्यावर २२० ने हलकेच उतरवावेत. कपाटाच्या कडेला हातांनी झिजून आलेली गोलाई, दाराच्या कडीखाली पडलेला अर्धवर्तुळाकार ओरखडा हे सारे घालवून फळी नव्यासारखी सपाट करायची असेल, तर नवी फळी आणलेली काय वाईट? झीज ठेवावी, घाण काढावी. छिद्रांत राहिलेले रंगाचे ठिपके जुन्या टूथब्रशला थोडा रिमूव्हर लावून काढता येतील तेवढे काढावेत, उरलेले कोरीव कामाच्या खोबणीत राहिले तर राहू द्यावेत. खाचा भरायच्या लांबीत चॉक पावडर, पिवडी आणि थोडा गेरू मिसळून लाकडाच्या रंगापेक्षा किंचित गडद छटा आणावी. फिकट लांबी पॉलिशनंतर डोळ्यांत भरते. आणि ताजा घासलेला सागवान फिकट, डागाळलेला दिसला म्हणून लगेच ‘वॉलनट’ नाहीतर ‘महोगनी’चा रंग चढवू नये. उजेडात काही आठवडे राहिला की तो आपण होऊन सोनेरी होतो.

आता लेप. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याचा स्राव शुद्ध करून केलेले पापुद्रे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर हा किडा पोसला जातो; झारखंड हा त्याचा मोठा प्रदेश आणि रांचीजवळ नामकुम येथे १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. औषधी गोळ्यांना आणि गोड पदार्थांना चकाकी देण्यासाठीही शुद्ध केलेली लाख वापरतात, म्हणून वाळलेला चपडा पाळण्याला किंवा कपड्यांच्या कपाटाला आतून द्यायला निर्धास्त; ऑइलपेंटसारखा वासही महिनोन्‌महिने राहत नाही. पातळ हातासाठी एक लिटर स्पिरिटला साधारण १२० ग्रॅम, भरीव हातासाठी २४० ग्रॅम चपडा घ्यावा. काचेच्या बरणीत रात्रभर भिजू द्यावा, अधूनमधून हलवावा आणि मलमलीतून गाळावा. लोखंडी डबा वापरला तर पॉलिश काळवंडते. भिजवलेला चपडा सहा महिन्यांनी वाळेनासा होतो, म्हणून लागेल तेवढाच करावा. शंका असेल तर काचेवर थेंब टाकून पाहावा, तासाभरानंतरही नख उमटत असेल तर तो फेकून द्यावा. स्पिरिट भडका घेते आणि ते विषारी असते. एकाच खोलीत स्वयंपाक आणि देव असतील, तर काम चालू असेपर्यंत शेगडी आणि निरांजन दोन्ही बंद.

पहिले दोन हात पातळ मिश्रणाचे, मऊ ब्रशने, रेषांच्या दिशेने, एकदा फिरवलेल्या जागी परत न फिरवता. प्रत्येक हातानंतर तासभर थांबावे आणि दिवसात तीन-चारपेक्षा जास्त हात देऊ नयेत. दुसऱ्या हातानंतर ३२० नंबरने अगदी हलके घासून पुसून घ्यावे. मग कापसाचा बोळा मलमलीत बांधून, त्यात भरीव मिश्रण मुरवून, आधी गोलाकार, मग आठच्या आकड्यासारखा आणि शेवटी सरळ असा हात फिरवावा. बोळा फळीवर मध्येच थांबला की तिथे डाग पडतो. तो कडेवरून आत यावा आणि कडेवरूनच बाहेर जावा. ओढल्यासारखे वाटले तर बोळ्याला जवसाच्या तेलाचा एक थेंब पुरतो. सहा ते आठ हातांत छान झळाळी येते. आरशासारखी चमक हवी असेल तर मुरलेल्या पॉलिशवाल्याला बोलवावे, ते हाताचे कसब आहे. आठवडाभर घट्ट होऊ दिल्यावर टर्पेंटाइनमध्ये वितळवलेल्या मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात द्यावा. खणांच्या सरकत्या कडांना पॉलिश नको, मेणबत्ती घासली की पुरते. हे सारे दिवाळी ते होळी या दिवसांत करावे. जून ते सप्टेंबर मुंबईच्या हवेत ओलावा ८० टक्क्यांच्या वर राहतो, स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडून त्यावर दव धरते आणि चपडा दुधाळ पांढरा होतो. शिवाय पावसाळ्यात फुगलेला खण रंधा मारून सैल केला, तर तो हिवाळ्यात खडखडतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: चपडा नाजूक आहे, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइनचा लेप मारला की दहा वर्षे बघायला नको. आक्षेपात तथ्य आहे. चपड्यावर गरम चहाचा कप ठेवला की गोल उमटतो, पाणी तसेच राहिले की पांढरा डाग पडतो, साबणाच्या पाण्याने तो विटतो. म्हणून जेवणाचे टेबल, मोरीजवळचे फडताळ, ओटा यांना चपडा देऊ नये. तिथे पीयू योग्य. पण कपड्यांचे कपाट, पुस्तकांची मांडणी, पेटारा, पलंग यांच्यावर चहाचे कप रोज कोण ठेवते? आणि लेपाचे काम सागवानाला कुजण्यापासून वाचवण्याचे नाहीच. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानातून बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरले आणि इंग्लंडमधल्या हार्टलपूल येथे ते आजही तरंगते आहे. दोनशे वर्षे खाऱ्या पाण्याला पुरून उरलेल्या जातीच्या लाकडाला चार भिंतींच्या आत प्लॅस्टिकचे चिलखत कशाला? लेप हवा तो धूळ, हाताचा मळ आणि तेलाचे डाग वर ठेवण्यासाठी, आणि लाकडाच्या रेषा उठून दिसण्यासाठी. तेवढे चपडा चोख करतो.

खरा फरक बिघाडाच्या दिवशी कळतो. पीयू आणि मेलामाइन वाळताना रासायनिक क्रियेने घट्ट होतात. एकदा घट्ट झाले की आपल्याच थिनरमध्ये परत विरघळत नाहीत. कोपऱ्यावर टवका उडाला तर नवा थर जुन्यात मिसळत नाही, कड दिसते आणि बहुतेक वेळा सगळे दार घासून पुन्हा फवारावे लागते. सागवानाचे नैसर्गिक तेल नीट पुसले नसेल तर हे थर काही वर्षांत पापुद्र्यासारखे उचलतात, ते वेगळेच. फवारणीच्या वेळची वाफ दाटीवाटीच्या मजल्यावर शेजाऱ्यांनाही सोसावी लागते. चपडा मात्र कधीही स्पिरिटमध्ये परत विरघळतो. डाग पडला तर तेवढ्याच जागी बोळा फिरवला की नवा थर जुन्यात मिसळतो. म्हणजे टिकाऊपणा दोन प्रकारचा असतो: न बिघडण्याचा, आणि बिघडले तर सुधारण्याचा. पिढ्यांसाठी ठेवायच्या वस्तूला दुसरा जास्त उपयोगी पडतो. ज्यांना पीयूच हवे त्यांनी खाली मेण काढलेल्या चपड्याचा एक हात द्यावा. साध्या चपड्यातल्या मेणावर पीयू धरत नाही. तो एक हात लाकडाची छिद्रे तरी राखेल.

मधला मार्ग म्हणून जवसाच्या तेलाचा पर्याय सुचवला जातो. तो वाईट नाही. आरामखुर्चीच्या हातांना तेल छान दिसते, पुन्हा लावणेही सोपे. पण सागवानावर ते सावकाश वाळते, दमट हवेत चिकट राहून धूळ धरते आणि आत मुरल्यावर बाहेर काढता येत नाही. शिवाय तेलाची फडकी चुरगाळून ठेवली तर वाळताना तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मगच टाकावीत. लाकडी जिना, लाकडी तुळया असलेल्या इमारतीत हा नियम मोडायला सवलत नाही.

शेवटचा आक्षेप पैशांचा आणि जागेचा. एवढ्या खटाटोपापेक्षा नवे मॉड्युलर कपाट स्वस्त पडते, असे म्हणतात. काही वेळा पडतेही, आणि जुने सामान साधे असेल तर तो हिशेब मानावा. पण भुशाच्या दाबलेल्या फळीला पावसाळ्यात पाणी लागले की ती फुगते, बिजागरीचा स्क्रू एकदा सुटला की त्या भोकात पुन्हा धरत नाही. जुने कपाट सांध्यांत सोडवता येते, लिफ्टमध्ये मावते, वर जाऊन पुन्हा जोडता येते. पाडलेल्या इमारतींच्या सागवानी तुळयांनाही बाजारात गिऱ्हाईक असते. तयार कपाटाच्या रूपात तेच लाकूड घरात असताना ते भंगाराच्या भावाने देण्याआधी दोनदा विचार करावा. लिफ्टच्या दाराचे आणि नव्या खोलीच्या भिंतीचे माप मात्र रंग खरवडायला घेण्याआधी घ्यावे, नंतर नव्हे.

काम झाले की एक छोटी गोष्ट विसरू नये. खालच्या खणाच्या मागच्या फळीवर शिसपेन्सिलीने वर्ष आणि काय दिले ते लिहून ठेवावे: चपडा, वर मेण, स्पिरिटने निघते. आज आपल्याला बोळा दाबून जे शोधावे लागले, ते पुढच्याला खण ओढल्यावर वाचायला मिळेल. त्याला पिस्ता रंगच आवडला, तर तोही त्याने खुशाल मारावा. खालचे लाकूड राखलेले असेल.